जड स्टिअरिंगची कैफियत

मराठी माणसाला ‘हायब्रिड’ हा शब्द प्रथम शिकविला तो ज्वारीने. १९६४ साली सीएसएच-१ हे ज्वारीचे संकरित वाण शेतकऱ्यांच्या हाती आले आणि पाहता पाहता ह्या विशेषणाचे नाम होऊन बसले. ‘यंदा हायब्रिड पेरली’, ‘हायब्रिडची भाकर काही केल्या गोड लागत नाही’, असे आमचे खानदेशातील नातलग सुट्टीत इंदूरला आले म्हणजे बोलत, आणि आम्हां मुलांना ते कुणा परक्या बाईचे नाव वाटे. आता तोच शब्द इंदुरातील मराठी घरांच्या फाटकाशी येऊन उभा राहिला आहे. ‘घेतली की नाही हायब्रिड?’ असा प्रश्न लग्नमुंजीच्या मांडवात ऐकू आला, तर तो ज्वारीविषयी नसून मोटारीविषयी असतो, हे आता कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर ह्या दोहोंच्या संकरातून जन्मलेली ही गाडी. मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली अशी पहिली गाडी म्हणजे टोयोटाची प्रियस. ती डिसेंबर १९९७ मध्ये जपानात बाजारात आली. आपल्याकडे मध्यमवर्गाच्या आटोक्यात येतील अशा पूर्ण हायब्रिड गाड्या २०२२ पासून दिसू लागल्या. आमच्या भाचीने त्यांतलीच एक घेतली. गाडी कोणत्या कंपनीची हे सांगण्याचे प्रयोजन नाही. 

गेल्या वर्षीच्या कार्तिकात भाची आपल्या आईला, म्हणजे आमच्या ताईला, घेऊन ओंकारेश्वराला निघाली होती. स्टिअरिंगवर ती स्वतःच. सिमरोल मागे टाकून भेरूघाटाच्या उतारास लागल्यावर एका आखूड वळणावर तिने चाक वळवावयास घेतले, आणि एरवी बोटाने फिरणारे ते चक्र एकाएकी जड झाले. “मामा, पलीकडून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं वाटलं,” हे तिचे शब्द. समोरच्या काट्यांच्या फळीवर एक पिवळा दिवा लागला. खालून एक मालट्रक चढत होता. तिने दोन्ही हातांनी, अक्षरशः खांद्याचा जोर लावून, गाडी आपल्या बाजूस ठेवली, आणि वळण संपताच जरा रुंद जागा पाहून उभी केली. मागच्या आसनावर ताईंचा जप चालू होता. काय घडले ते त्यांना कळलेही नाही. गाडी बंद करून पुन्हा चालू केली तेव्हा दिवा गेलेला होता आणि स्टिअरिंग फुलासारखे हलके! पुढे ओंकारेश्वर झाले, परतीचा घाट झाला, काही म्हणता काही घडले नाही.

सोमवारी ती बँकेतून अर्धी रजा टाकून सर्व्हिस सेंटरला गेली. तेथील इसमाने गाडी सपाट रस्त्यावर दोन किलोमीटर फिरवून आणली आणि तिच्याऐवजी सोबत गेलेल्या जावईबापूंकडे पाहून सांगितले, “सर, सब नॉर्मल है. मॅडम को वहम हुआ होगा.” जॉब कार्डावरही ‘स्टिअरिंग नॉर्मल’ असेच लिहून दिले. तीन आठवड्यांनी घराच्या गल्लीत गाडी वळविताना पुन्हा तेच घडले. ह्या खेपेस तपासयंत्र जोडण्यात आले. ‘व्होल्टेजचा एक जुना कोड होता, तो पुसून टाकला’ असे तोंडी सांगण्यात आले. कागदावर पुन्हा ‘नॉर्मल’. म्हणजे जो एक पुरावा गाडीने स्वतः जपून ठेवला होता, तोही पुसला गेला.

येथे आम्हांस स्वतःविषयी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. भाचीने ही हकिगत सांगितली तेव्हा आम्हीही तिची गाडी रिंगरोडवर एक चक्कर फिरवून आणली आणि मोठ्या शहाणपणाने म्हणालो, “अगं, घाटात जरा दचकली असशील. स्टिअरिंग तर लोण्यासारखं आहे.” ती काहीच बोलली नाही. वर्गात एखाद्या मुलाने ‘गुरुजी, मी गृहपाठ केला होता, पण वही घरी राहिली’ असे खरे सांगावे आणि आपण ते खोटे मानावे, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जी शांतता दिसते ती आम्ही तीस वर्षे पाहत आलो आहोत. तरीही त्या दिवशी ती आम्हांस ओळखता आली नाही.

ह्या अपराधाच्या टोचणीमुळेच म्हणा, आम्ही ह्या विषयाच्या मागे लागलो. मराठीचा मास्तर आणि मोटारीच्या पोटातले गिअर हे समीकरण विजोड खरे; पण वाचून, विचारून, दोन मिस्त्र्यांच्या पायरीवर बसून जे उमगले ते येथे मांडतो.

जुन्या ॲम्बॅसेडर गाड्या ज्यांनी चालविल्या आहेत त्यांना जड स्टिअरिंग म्हणजे काय ते सांगायला नको. आमचे एक काका गाडी जागच्या जागी वळविताना आसनावरून अर्धे उठत. चक्र मोठे, फेरे पुष्कळ, आणि सारा जोर माणसाचा. ह्या कष्टावर पहिला उतारा निघाला तो तेलाच्या दाबाचा. १९५१ साली अमेरिकेत क्रायसलर कंपनीने आपल्या इंपीरियल गाडीत तेलदाबावर चालणारे पॉवर स्टिअरिंग विकावयास आणले. त्यात इंजिनाला पट्ट्याने जोडलेला एक पंप असतो; इंजिन फिरते तोवर तो फिरतो, आणि तेलाच्या दाबाने चाके वळविण्यास मदत करतो. गाडी सरळ चालली असली तरी पंप आपला फिरतच राहतो आणि पेट्रोल खातच राहतो.

विजेवरचे पॉवर स्टिअरिंग त्या मानाने अलीकडचे. १९८८ साली जपानातील सुझुकीच्या सर्व्हो ह्या छोट्या गाडीत ते आले. रचना समजण्यास कठीण नाही. चक्राच्या दांड्यात मध्येच एक बारीक दांडी असते, ती हाताच्या जोराने किंचित पिळली जाते. किती पिळली हे एक संवेदक मोजतो आणि ती बातमी एका लहानशा संगणकास देतो. संगणक गाडीचा वेग पाहतो आणि विजेच्या मोटरीस हुकूम सोडतो की, इतका जोर लाव. मोटर एका मळसूत्री दांड्याच्या द्वारे दातेरी चाकाला फिरविते आणि आपल्या हाताला तिचा हात लागतो. वळवायचे नसेल तेव्हा मोटर जवळजवळ स्वस्थ असते. म्हणून इंधन वाचते.

हायब्रिड गाडीला तर ह्याखेरीज गत्यंतरच नाही. सिग्नलवर, संथ गर्दीत, घाटाच्या उतारावर तिचे इंजिन आपोआप बंद पडते. नव्हे, ते बंद पडावे ह्यासाठीच तर गाडी घेतलेली असते. पंप इंजिनाला बांधलेला असता तर ऐन वळणावर मदत खुंटली असती. तेव्हा हायब्रिडमध्ये स्टिअरिंग विजेवरच चालवावे लागते. त्याचे यंत्र मात्र बहुधा त्याच गाडीच्या पेट्रोलवरील बहिणीत असते तसेच असते. ‘हायब्रिड असल्यामुळे बिघडले’ असे जे सरसकट म्हटले जाते ते पुष्कळदा खरे नसते.

एक गोष्ट मात्र खास हायब्रिडची आहे आणि ती फारच थोड्या मालकांना ठाऊक असते. ह्या गाडीत दोन बॅटऱ्या असतात. गाडी ओढणारी मोठी, उच्च दाबाची. आणि दुसरी नेहमीच्या मोटारीत असते तशी १२ व्होल्टची. दिवे, संगणक आणि सामान्यतः स्टिअरिंगची मोटर ही ह्या धाकटीच्या घरची मंडळी. चालू गाडीत मोठी बॅटरी एका परिवर्तकामार्फत धाकटीला सतत वीज पुरविते, पण क्षणभरासाठी मोठा प्रवाह लागला तर तो झेलावा लागतो धाकटीलाच. साध्या गाडीत ही बॅटरी अशक्त झाली की सकाळी स्टार्टर कण्हतो, आणि शेजारीपाजारी सुद्धा सांगतात, ‘बॅटरी बदला’. पूर्ण हायब्रिडमध्ये इंजिन सुरू करण्याचे काम मोठ्या बॅटरीकडे असल्याने धाकटी कण्हतच नाही. ती मुकाट्याने अशक्त होत जाते. तिचे दुखणे मग भलत्याच ठिकाणी उमटते. कधी एखादा दिवा लागतो, कधी पडद्यावर अगम्य संदेश येतो, कधी स्टिअरिंगची मदत क्षणभर खुंटते.

मदत खुंटते ती जाणूनबुजून, हेही लक्षात घेतले पाहिजे. मोटरीने चुकीच्या दिशेने जोर लावणे हे तिने मुळीच न लावण्यापेक्षा अधिक भयंकर. म्हणून संगणकाला कशाचाही संशय आला की तो मोटरीला बाजूस सारतो, दिवा लावतो आणि चक्र माणसाच्या हवाली करतो. चक्र आणि चाके ह्यांचा लोखंडी सांधा तुटत नाही. गाडी वळते, पण सारा जोर आपला. आणि हा जोर ॲम्बॅसेडरच्या काळापेक्षाही अधिक भासतो, कारण आजच्या गाडीचे चक्र लहान आणि फेरे थोडे. शिवाय ॲम्बॅसेडरवाल्याचे खांदे सदैव तयार असत, आपले हात मात्र लोण्याला सवकलेले. भरवळणावर अचानक आलेली ही जडता, तिलाच भिण्याचे कारण आहे.

असे अनुभव आलेले लोक एकटे नाहीत, हे आम्हांस अमेरिकेतील नोंदी वाचताना कळले. १९६५ साली राल्फ नेडर ह्यांचे मोटारींच्या असुरक्षिततेवरील पुस्तक गाजले, १९६६ साली तेथे वाहनसुरक्षेचा कायदा झाला आणि १९७० पासून राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासन नावाचे सरकारी खाते काम करू लागले. ह्या खात्याकडे कोणीही गाडीमालक आपली तक्रार नोंदवू शकतो, आणि नाव-पत्ता वगळून ती तक्रार सर्वांना वाचावयास खुली राहते. वकील लागत नाही, शिफारस लागत नाही. तक्रारी एका जागी साचू लागल्या की खाते चौकशी उघडते.

जनरल मोटर्सच्या कोबाल्ट गाडीचे उदाहरण घ्या. ती हायब्रिड नव्हे, परंतु तिचे स्टिअरिंग विजेवर चालत असे. मदत अचानक खुंटते अशा अकराशेहून अधिक तक्रारी जमल्यावर जानेवारी २०१० मध्ये सरकारी चौकशी सुरू झाली आणि त्याच वर्षी मार्चमध्ये कंपनीने कोबाल्ट व तिच्या भावंडांपैकी सुमारे १३ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. २०१४ साली आणखी काही नमुन्यांसाठी पुन्हा तेवढ्याच गाड्यांना बोलावणे गेले. हायब्रिडचे पहिले घराणे म्हणजे प्रियस. तिच्या २००१ ते २००३ च्या गाड्यांतही टोयोटाने जून २०११ मध्ये स्टिअरिंगच्या पेटीतील नटांचा दोष मान्य केला. चक्र वारंवार जोराने अगदी टोकापर्यंत फिरविल्यास ते नट ढिले पडण्याचा संभव होता. जगभरात मिळून सुमारे १ लाख ६ हजार गाड्यांचा तो प्रश्न होता.

पण आम्हांस सर्वांत बोधक वाटले ते होंडाचे प्रकरण. २०२२ च्या नमुन्याच्या सिव्हिक गाडीच्या मालकांनी एक विलक्षण तक्रार लिहावयास सुरुवात केली. महामार्गावर बराच वेळ सरळ गाडी चालविल्यावर चक्र मधोमध जणू चिकटते. किंचित सरळ करावयास जावे तर हलत नाही. जरा जोर लावावा तर एकदम सुटते आणि गाडी हवी त्याहून अधिक वळते. दिवा लागत नाही, संदेश येत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये सरकारी खात्याने चौकशी उघडली तेव्हा त्याच्याजवळ अशा १४५ तक्रारी होत्या. म्हणजे रस्त्यावरील गाड्यांच्या मानाने अगदीच थोड्या! आपल्याकडील एखाद्या अधिकाऱ्याने ‘एवढ्यातेवढ्याने काय होते’ म्हणून ती फाईल बाजूस ठेवली असती. तेथे ती ठेवली गेली नाही. २०२४ साली चौकशीचा दर्जा वाढविण्यात आला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीने अमेरिकेत २०२२ ते २०२५ ह्या नमुन्यांच्या सुमारे १७ लाख गाड्या परत बोलावल्या. त्यांत सिव्हिक आणि सीआर-व्ही ह्यांच्या हायब्रिड गाड्याही आल्या. तोवर वॉरंटीखाली आलेल्या मागण्यांची संख्या दहा हजारांवर गेली होती.

कारण काय निघाले? वर ज्या मळसूत्री दांड्याचा आणि दातेरी चाकाचा उल्लेख केला त्यांच्याच दरम्यानचा तंटा. ते दातेरी चाक तयार करण्याच्या पद्धतीत उणीव होती. उष्णता आणि दमट हवा ह्यांनी ते किंचित फुगे, वंगणाचा थर पातळ होई, आणि दांड्याला दाबून धरणारी स्प्रिंगही प्रमाणाबाहेर घट्ट बसविलेली होती. घर्षण वाढले, आणि चक्र चिकटू लागले. उपाय एवढाच, स्प्रिंग बदलावयाची आणि वंगण पुन्हा नीट भरावयाचे. तेही मालकाकडून पैसा न घेता.

ह्या प्रकरणातील मर्म पाहा. बिघाड विजेचा नव्हता, घर्षणाचा होता. तपासयंत्र विजेची नाडी पाहते. वंगण सुकले की नाही हे त्याला दिसण्याचे कारण नाही. म्हणजे ज्या मालकाने सर्व्हिस सेंटरात जाऊन ‘चक्र चिकटते’ म्हटले आणि यंत्राने ‘कोड नाही’ म्हटले, तेथे दोघेही खरे बोलत होते. यंत्र खरे म्हणून माणूस खोटा, हा निष्कर्ष तेवढा चुकीचा होता. अशा दुखण्याचा साक्षीदार एकच, चक्रावरचे हात. आणि हातांची साक्ष कागदावर उतरली नाही तर ती दुसऱ्या दिवशी सांगणाऱ्यालाही संशयास्पद वाटू लागते.

हे सारे वाचून आम्ही एके दिवशी भाचीकडे गेलो आणि रिंगरोडवरील त्या शहाणपणाबद्दल खेद व्यक्त केला. ती हसली आणि गाडीच्या खणातून एक लहान वही काढून आमच्या हाती दिली. “मामा, अर्जलेखन तुम्हीच शिकवलंत. आधी तारीख, मग मजकूर,” ती म्हणाली.

चार महिन्यांतल्या सहा नोंदी होत्या. प्रत्येकीत तारीख, वेळ, किलोमीटरचा आकडा, जागा, वेग, वातानुकूलन चालू की बंद, दिवे चालू की बंद, चक्र किती वळविले होते, पिवळा दिवा किती वेळ राहिला. दोन ठिकाणी दिव्याचे मोबाईलवर छायाचित्र काढल्याची टीप. आणि आश्चर्य हे की, ‘मला वाटते’, ‘बहुधा’, ‘कंपनीचा निष्काळजीपणा’ असले एक अक्षर तीत नव्हते. आमच्या अर्जाच्या तासाला मुले पहिल्या ओळीपासून आरोप करावयास लागतात. घडले काय ते शेवटी, जागा उरली तर. हिने घडलेले तेवढेच लिहिले होते. का घडले, हा विषय तिने वाचणाऱ्यावर सोडला होता.

तिसऱ्या भेटीत सर्व्हिस सेंटरने ‘संपूर्ण स्टिअरिंग कॉलम बदलावा लागेल, वॉरंटीत बसते की नाही पाहावे लागेल’ अशी भाषा सुरू केली होती. भाचीने वहीच्या पानांच्या प्रती काढून, सोबत आधीच्या दोन्ही जॉब कार्डांच्या प्रती जोडून, कंपनीच्या ग्राहक विभागास ई-मेलने आणि नोंदणी टपालाने पत्र पाठविले. आठवड्याभरात वरिष्ठ तंत्रज्ञाकडून तपासणीचा निरोप आला. तो गृहस्थ वयाने पोक्त होता. त्याने स्टिअरिंगला हातही न लावता आधी वही मागितली आणि उभ्याउभ्या सहाही नोंदी वाचल्या. प्रत्येक वेळी वेग अगदी कमी, चक्र जवळजवळ पूर्ण वळलेले, वातानुकूलन चालू. महामार्गावर एकदाही नाही. “धीमी गाडी, पूरा मोड, सबसे ज्यादा करंट,” एवढे पुटपुटून त्याने डिकी उघडली, कारण ह्या गाडीत धाकटी बॅटरी तेथे होती.

बॅटरीच्या ऋण टर्मिनलचा क्लॅम्प ढिला होता. हाताने हलत होता. त्यावर पांढरा बुरा साचला होता, आणि त्याच्याच खाली आणखी दोन बारीक तारा दडपलेल्या होत्या. त्या तारा कंपनीच्या नव्हत्या. गाडी घेतल्यावर दोन महिन्यांनी जावईबापूंनी बाजारातील एका दुकानातून पुढच्या काचेवर कॅमेरा बसवून घेतला होता. दुकानातल्या पोऱ्याने क्लॅम्प सोडला, तारा खुपसल्या आणि नट पुरता आवळला नाही. साध्या चालीत तेवढा स्पर्श पुरे, परंतु हळू वेगात पूर्ण वळण घेताना स्टिअरिंगची मोटर मोठा प्रवाह ओढी, त्या ढिल्या सांध्यावर दाब कोसळे, आणि संगणक मदत काढून घेई. क्लॅम्प घासून आवळला, अर्धवट भरून भरून अशक्त झालेली ती बॅटरी बदलली, कॅमेऱ्याच्या तारा रीतसर फ्यूजमधून घेतल्या. कॉलम होता तसाच राहिला. त्या गोष्टीला आता सात महिने होऊन गेले.

म्हणजे दोष गाडी करणाऱ्यांचा नव्हताच! जावईबापू काही दिवस ताईंच्या समोर येईनात, तो भाग निराळा. पण भाचीचे पत्र ह्यामुळे खोटे ठरले काय? तिने ‘तुमचे स्टिअरिंग सदोष आहे’ असे कोठेच म्हटले नव्हते. ‘अमुक दिवशी अमुक ठिकाणी ते जड झाले’ एवढेच म्हटले होते, आणि ते अक्षरशः खरे होते. उलट, पहिल्याच दिवशी ‘वहम’ न म्हणता डिकी उघडली असती, किंवा तो व्होल्टेजचा कोड पुसण्याआधी त्याचा अर्थ कुणी पाहिला असता, तर चार महिने एक बाई आपल्या वृद्ध आईला अशा गाडीतून हिंडवीत राहिली नसती.

आता आपल्याकडील व्यवस्थेविषयी थोडे. भारतात गाड्या परत बोलावण्याची प्रथा २०१२ पासून उत्पादकांच्या स्वेच्छेने सुरू झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये मारुतीने स्टिअरिंगच्या गिअरपेटीतील दोषासाठी २,५५५ अल्टो के-१० गाड्यांना बोलावणे धाडले, ते ह्याच रीतीने. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन ११०-अ हे कलम आले. दोष माणसांना वा पर्यावरणाला अपायकारक असेल आणि ठराविक प्रमाणात मालकांनी, अथवा तपासणी संस्थेने, अथवा अन्य मार्गाने तो केंद्र सरकारच्या नजरेस आणला असेल, तर गाड्या परत बोलाविण्याचा हुकूम सरकार देऊ शकते. ह्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. ते सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांना लागतात. ‘ठराविक प्रमाणात मालकांनी’ ह्या शब्दांवर आम्ही पेन्सिलीने रेघ ओढून ठेवली आहे. घरोघरी दिवाणखान्यात बोलली जाणारी तक्रार ह्या प्रमाणात मोजली जात नाही.

ज्याला एवढे दूर जावयाचे नाही त्याला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा क्रमांक आहे. तेथे अनेक भारतीय भाषांतून बोलता येते. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील आपल्या ज्येष्ठांना हिंदी-इंग्रजीत अडखळावे लागू नये म्हणून हे मुद्दाम सांगत आहोत. त्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीस तेथे शुल्क नाही. मात्र हायब्रिड गाडीची किंमत त्याहून बरीच वर जात असल्याने शुल्काचा हिशेब आधी विचारून घ्यावा.

आणि प्रत्यक्ष चक्र जड झालेच तर? आमच्या त्या पोक्त तंत्रज्ञाने सांगितलेले तेवढेच लिहितो. घाबरून गाडी चालती असताना बंद करू नये. तसे केल्यास ब्रेकची मदतही जाईल आणि काही गाड्यांत चक्र कुलूपबंद होण्याचा धोका आहे. दोन्ही हातांनी चक्र घट्ट धरावे, वेग हळूहळू कमी करावा, आणि सुरक्षित जागा पाहून थांबावे. गाडी वळते, ह्याची खात्री बाळगावी. दिव्याचे छायाचित्र आधी, बंद-चालू नंतर. कारण बंद-चालू केल्यावर दिवा पुष्कळदा जातो. अरुंद जागेत गाडी लावताना चक्र टोकापर्यंत नेऊन तेथेच दाबून धरण्याची सवय असल्यास ती सोडावी. मोटर तापते आणि स्वतःच्या रक्षणासाठी मदत काही वेळ कमी करते. ह्या एका बाबतीत मात्र ‘नॉर्मल है’ हे उत्तर खरे असते. चाकांत हवा कमी असली तरी चक्र जड लागते, तेव्हा आधी हवा पाहावी. आणि बाजारातून कॅमेरा, भोंगा, वाढीव दिवे बसवून घेतले असतील तर ते कोणत्या तारखेला बसविले हे सर्व्हिस सेंटरला न विचारता सांगावे. लपवून आपलेच नुकसान होते. जॉब कार्डावर आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहिली आहे की नाही हे वाचल्यावाचून सही करू नये. आमची भाची तर आता तेथील इसमाकडून पेन मागून घेते आणि स्वतःच लिहिते.

ती वही अजून गाडीच्या खणात आहे. सहाव्या नोंदीखाली तिने तीन जॉब कार्डे डिंकाने चिकटविली आहेत. पहिल्या दोहोंवर ‘स्टिअरिंग नॉर्मल’ असे आहे. तिसऱ्यावर ‘बॅटरी टर्मिनल ढिले आढळले, आवळले’. परवा ताईंना घेऊन ती पुन्हा ओंकारेश्वराला जाऊन आली. ह्या खेपेस पुढच्या आसनावर आम्ही होतो. भेरूघाटातल्या त्या वळणावर तिने मान न वळविता विचारले, “मामा, लोण्यासारखं आहे ना?”